राखून खेळलेला डाव

"घे की रं हत्ती! आयता दिलाय, तर बघत काय बसलायस?"

बिराप्पानं आपला हत्ती नाथाजीच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला आणि खांद्यावरचं घोंगडं सारखं करत तो खुशाल हसला. नाथाजी हसला नाही. चिंचेखालच्या पारावर कापडी पट अंथरलेला, दोन्हीकडचे मोहरे निम्मेशिम्मे मेलेले, ऊन कलतीला लागलेलं. टपालाची खाकी पिशवी नाथाजीनं मांडीखाली दाबून धरली होती. एरवी टपाल वाटायचं बीट संपवून आला की पिशवी तो पारावर भिरकावून द्यायचा, मग तिच्यावर कुत्रं येऊन झोपलं तरी त्याला पत्ता नसायचा. गेले आठ दिवस मात्र त्यानं ती अंगावेगळी केली नव्हती.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात एक पाकीट होतं. वर मिरजेच्या मोठ्या दवाखान्याचा छाप, आणि पत्ता त्याच्याच घरचा. विजयमाला मानसिंग थोरात. त्याची सून.

आठ दिवसांपूर्वी पेठेच्या पोस्टात टपालाची चवड लावताना ते हाताला लागलं, तेव्हाच नाथाजीला कळलं होतं आत काय असणार ते. नर्शिणीच्या शिक्षणाला पोरीला घेतलं. नसतं घेतलं तर कार्ड आलं असतं, एवढं जाड पाकीट कोण कशाला धाडतंय? त्यानं ते उघडलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नव्हतं आणि आताही उघडणार नव्हता. फक्त दिलं नाही. नुसतं दिलं नाही म्हणजे काय चोरी होत नाही, असं तो रोज स्वतःला बजावत होता. आता माणसाला स्वतःलाच रोज बजावायची वेळ आली, म्हणजे काय ते आपण समजून घ्यावं.

"घेतो," तो बिराप्पाला म्हणाला. "पर आधी मोजू दे."

"मोज बाबा, मोज. तुझं मोजून हुईस्तवर माझी मेंढरं वितील."

बिराप्पा तिकडं माणदेशातला धनगर. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, शेताशेतांतून मेंढरं बसवायचा आणि मृगाच्या तोंडावर माघारी वळायचा. बुद्धिबळ तो कुठं शिकला कुणास ठाऊक. औंधाच्या यमाईच्या जत्रेत एका गुरवानं शिकवलं म्हणायचा. नाथाजी शिकला पेठेतल्या जुन्या पोस्टमास्तरांकडून. चौदा हिवाळे दोघं या पारावर खेळत आले होते. खेळ देशी, आपल्या जुन्या रीतीचा: प्यादं एकेक घर चालणार, राजाला जन्मात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी. चौदा वर्षांत बिराप्पानं मोठे असे तीनच डाव जिंकले असतील, पण ते तीन गावाला तोंडपाठ होते. नाथाजीनं जिंकलेले ढीगभर डाव कुणाला म्हणून आठवत नव्हते.

त्याला कारण नाथाजीचा खेळच तसा. त्याच्या पटावर प्रत्येक मोहऱ्याला दुसऱ्याचा जोर. प्यादी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. राजा उडी मारून केव्हाच कोपऱ्यात जाऊन बसलेला. "जोर न्हाई तितं पाय न्हाई" हा त्याचा बाणा. उलट बिराप्पा घरदार उधळून निघाल्यासारखा खेळायचा. प्यादं दे, उंट दे, हत्ती दे, पण चाल आपल्या हातात ठेव आणि समोरच्याला श्वास घेऊ देऊ नको.

"मेंढरं हालती ठिवली तर जगत्यात, गड्या," तो सांगायचा. "एका जागी बसली की रोग पडतो."

"आन् पीक हालतं ठिवलं तर?" नाथाजी विचारायचा.

ह्यावर दोघंही हसायचे. पण नाथाजीला बिराप्पाचा खेळ कळत नव्हता असं नाही. कुणापेक्षाही त्याला तो जास्त कळायचा. हत्ती एका पारड्यात आणि हल्ला दुसऱ्या पारड्यात घालून तोलता येत नाही, हे त्याला पोस्टमास्तरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. हत्ती आज आहे, उद्या आहे, दहा चालींनंतरही आहे. प्याद्यांची साखळीही तशीच. हल्ल्याचं तसं नाही. हल्ला म्हणजे तव्यावरचं पाणी. तो किती वेळ टिकणार ते मोजायचं. तीन चालींत मात होत असेल तर सगळे हत्ती घेऊन जाळायचे आहेत का? पण तेवढ्या वेळात मात झाली नाही, तर चार-पाच चाली दम धरायचा, अंगावर घ्यायचं, आणि मग उरलेला हत्ती आपलं काम करतो. नाथाजी याच हिशेबात पटाईत होता.

आणि हाच हिशेब त्यानं आठ दिवसांपूर्वी घरात लावला होता.

पोरीच्या डोक्यात नर्शिणीचं खूळ शिरलं ते त्याच्या बायकोच्या डोळ्यापायी. गेल्या साली साळूबाईचा मोतीबिंदू काढायला मिरजेला नेलं, तेव्हा विजयमाला पंधरा दिवस तिच्या उशाशी होती. सातवी पास झालेली, हात हलका, डोकं तल्लख. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला पट्टी बांधताना बघितलं आणि म्हणाल्या, अर्ज कर. परत आल्यावर तिनं सरळ नाथाजीपुढं येऊन विचारलं होतं, "मामंजी, करू का?" तोंडावर नाही कसं म्हणायचं? तो "बघू, कर" म्हणाला. त्याला वाटलं, कोण घेतंय खेड्यातल्या विधवेला!

घेतलं की.

"घेतला हत्ती," नाथाजी म्हणाला आणि त्यानं उंट सरकवला.

"झकास!" बिराप्पानं मांडीवर थाप मारली. "आता शह घे."

वजीर आडवा आला. राजा एक घर सरकला. घोडा उडाला, पुन्हा शह. राजा प्याद्याआड. नाथाजीच्या कपाळावर घाम आला, पण मनातल्या मनात तो आकडे टाकत होता. दोन झाल्या. आणखी तीन काढायच्या.

घरीही तो असाच दिवस काढत होता. रोज अकराच्या सुमाराला पेठेतून टपाल घेऊन तो गावात शिरायचा, आणि वाटेतच घर. विजयमाला दारात उभी असायची. हात पदराला पुसत विचारायची, "मामंजी, आज काय आलं का?"

"न्हाई गं पोरी."

बस्, एवढंच. पहिल्या दिवशी जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. चौथ्या दिवशी तर ती विचारायच्या आधीच त्यानं लांबून मान हलवली. त्याला वाटत होतं, चार-आठ दिवस तग धरला की तिचा उत्साह आपोआप निवेल. मग पोर कामाला लागेल, घर आहे तसं राहील, आणि कुणी कुणाला वाईट म्हणायचं कारण उरणार नाही.

साळूबाईचं नाव पुढं करून त्यानं एकदा अंदाज घेतला होता. "सून गेली तर तुझं कसं हुईल गं? डोळा तर तसा."

"आवं, मला ढळढळीत दिसतंय की आता," साळूबाई म्हणाली. "तुमच्या मिशीतले पांढरे केससुदिक दिसत्यात. जाऊ द्या तिला. हितं बसून काय माझ्यासंगं शेण्या थापायच्या तिनं जलमभर?"

नाथाजीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. खरं कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं. मानसिंग गेल्याची तार त्याच्याच पिशवीतून आली होती. चव्वेचाळीस साल, इटलीतली लढाई. पेठेच्या तारबाबूनं तार हातात देताना मान खाली घातली, तेव्हाच त्याला कळलं. पण त्या दिवशी पिशवीत एकोणीस पत्रं होती. त्यात दोन आयांना पलटणीतनं आलेली पोरांची पत्रं होती. नाथाजीनं आधी सगळी पत्रं वाटली, चार वाड्या पालथ्या घातल्या, एका म्हातारीला पत्र वाचूनही दाखवलं, आणि मग दिवेलागणीला घरी येऊन बायकोला जवळ बसवून तार काढली. बेचाळीस साली तारा तुटल्या, रस्ते बंद झाले, तेव्हाही त्यानं टपाल चुकवलं नव्हतं. असा माणूस.

आता लढाई संपून चार महिने झाले होते. गावची पोरं एकेक परत येत होती, ट्रंका घेऊन, बूट वाजवत. आणि नाथाजीच्या घरात विजयमाला वावरत होती, मानसिंगाच्या ताटात मामंजींना वाढत होती, त्याचा सदरा धुऊन पुन्हा घडी घालून ठेवत होती. ती घरात आहे तोवर त्याला वाटायचं, पोरगं रजेवर यायचंय, अजून आलेलं नाही एवढंच. ती गेली की मानसिंग मेला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंडच उघडत नव्हतं.

"शह!" बिराप्पा ओरडला. पाचवा.

नाथाजीनं राजा कोपऱ्यात नेला. मग तो थांबला, पटावर वाकला, आणि त्याला दिसलं की बिराप्पाच्या घोड्याला आता जोर राहिलेला नाही. तवा थंड झाला होता. त्यानं घोडा उचलला. वजिराला वजीर गेला. मग काय, पुढचा खेळ म्हणजे मळणी. नाथाजीचा जास्तीचा हत्ती पटावर मोकाट फिरू लागला. एक प्यादं गेलं, दुसरं गेलं, बिराप्पाचा उंट गेला. बिराप्पा बिडी ओढत निवांत बघत बसला. हरताना त्याचा चेहरा कधी पडायचा नाही.

शेवटी बिराप्पाकडं राजा उरला आणि पटाच्या कडेला एकच प्यादं. नाथाजीचा हत्ती नेमका त्याच्या रेषेत उभा होता.

नाथाजीनं सवयीनं हत्तीला हात घातला.

"खा की," बिराप्पा म्हणाला.

नाथाजीचा हात थांबला. देशी खेळात समोरच्याचं शेवटचं प्यादं खायचं नसतं. राजा एकटा उघडा पडला की बुर्जी. डाव निम्म्यावर सुटला, जिंकला कुणीच नाही. जिंकायचं तर समोरच्याकडं काहीतरी ठेवून जिंकायचं. पोराटोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट. नाथाजी चौदा वर्षांत त्यात एकदाही चुकला नव्हता.

"काय रं? आज हात गेला कसा तुझा?" बिराप्पानं बिडी खाली केली. "आठ दिस बघतोय. डाव पटावर आन् ध्यान पिशवीत. हाय तरी काय तिच्यात?"

नाथाजीची नजर त्या प्याद्यावरून हलेना. टीचभर लाकूड, बिराप्पाच्या सगळ्या फौजेतलं राहिलेलं तेवढंच. आपण त्याला रीतीनं जपतो, कारण ते घेतलं तर आपली मर्दुमकी जाते. आणि घरात? नवरा गेला, कुंकू गेलं, बावीस वर्षांच्या पोरीकडं एक पाकीट काय ते उरलं, ते आपण खाऊन आठ दिवस झाले.

तो उठला. भर डावातून नाथाजी उठल्याचं पारानं कधी पाहिलं नव्हतं.

"आरं, डाव?"

"ऱ्हाऊ दे तसाच," नाथाजी म्हणाला आणि पिशवी खांद्याला मारून चालू लागला.

विजयमाला परड्यात शेण्या उलथत होती. त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं हात धुतले, नीट पुसले, मग घेतलं. उघडण्याआधी तिनं ते उलटं केलं. मागच्या बाजूला पेठेच्या पोस्टाचा शिक्का होता, तारखेसकट. टपालवाल्याच्या घरात नांदलेली पोर. शिक्का वाचायला तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं एकदा शिक्क्याकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं पाकीट फोडलं.

"पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचं लिवलंय," ती म्हणाली.

त्या दिवशी अठरा तारीख होती.

नाथाजीला हेच सुचलं नव्हतं. पाकीट उघडायचं नाही ह्याचा केवढा टेंभा! आत वेळ लिहिलेली असेल, हे अठ्ठावीस वर्षं टपाल वाहणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. पटावर तो चाली मोजत होता, आणि मिरजेत दिवस सरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बैलगाडीनं स्टेशन आणि तिथून आगगाडीनं मिरज गाठलं. मोठ्या बाईंनी विजयमालाला ओळखलं. हळहळल्या. "तीन दिवस वाट पाहिली गं. काल तुझ्या जागी पुढच्या नावाची मुलगी घेतली. इतका उशीर का केलास?"

विजयमालानं मान खाली घातली. सासऱ्याचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही.

"तिचा कसूर न्हाई, बाई," नाथाजी म्हणाला. डोक्यावरचा फेटा त्यानं काढून हातात घेतला होता. "कागद येळेत आलावता. मी दाबून ठिवला."

"तुम्ही कोण?"

"सासरा. आन् गावचा पोस्टमन."

बाईंनी पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, घेऊच असं मात्र सांगता येत नाही. दरवर्षी मुली वाढताहेत.

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले. खिडकीबाहेर ऊस, मग माळ, मग परत ऊस. स्टेशन जवळ आलं तेव्हा विजयमाला पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा.

"मामंजी, मला नुसतं इचारलं आसतंसा, 'थांबतीस का' म्हणून, तर मी थांबलेबी आसते."

नाथाजीला रडू आवरेना. गाडीत चार माणसं होती, त्यांच्यादेखत तो फेट्याच्या शेमल्यात तोंड घालून रडला. तार आली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

त्याच आठवड्यात तो पेठेच्या पोस्टात गेला आणि पिशवी, पट्टा आणि बिल्ला पोस्टमास्तरांच्या टेबलावर ठेवला. मास्तर वयानं लहान, त्याला मानणारे. त्यांना वाटलं थट्टा चाललीय.

"तक्रार कुणाची आली का?"

"माझीच हाय," नाथाजी म्हणाला. "एक पाकीट आठ दिस अडीवलं."

"अहो, घरातलंच ना? घरातल्या घरात मिटलं. कशाला वाढवताय?"

"मास्तर, पत्त्यावर नाव तिचं हुतं. घर माझं आसंल. पाकीट तिचं."

मास्तरांनी पुष्कळ समजावलं. उपयोग झाला नाही. बाहेर पडताना त्यानं टपालाच्या चवडीकडं वळून बघितलं नाही.

बिराप्पाचा कळप मृगाआधी माघारी गेला. तो हिवाळा त्यांचा डाव पुन्हा मांडला गेला नाही. "त्यो तुझाच झाला," एवढंच नाथाजीनं सांगितलं होतं, आणि बिराप्पानं, एरवी वादाला अर्धा दिवस पुरवणाऱ्या माणसानं, नुसती मान हलवली होती.

वर्ष सरलं. नाथाजी रानात जातो, म्हैस बघतो. विजयमालाचा दुसरा अर्ज तो स्वतः मिरजेला जाऊन बाईंच्या हातात देऊन आला. घरात सगळं नीट आहे. ती त्याला वाढते, बोलते, दुखलंखुपलं विचारते. मानसिंगाचा सदरा अजून घडी घालून ठेवते. फक्त एक गोष्ट झाली. अकराच्या सुमाराला दारात येऊन उभं राहणं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

आता तिथं नाथाजी उभा राहतो. नवा पोस्टमन कृष्णात म्हणून पलटणीतून सुटून आलेला पोरगा आहे, ताठ चालतो, लांबून ओळखू येतो. यंदाही मार्गशीर्ष लागला, बिराप्पाची मेंढरं नदीकाठाला उतरली, पारावर पट अंथरून बिराप्पा हाका मारतो. नाथाजी सांगतो, टपाल येऊन जाऊ दे, मग येतो.

"कृष्णात, आज काय आलं का रं?"

"न्हाई, तात्या."

"बरं," नाथाजी म्हणतो.

आत विजयमाला जोंधळे पाखडत असते. कृष्णात दाराशी आला की सुपाचा आवाज थांबतो, आणि तो गेला की पुन्हा सुरू होतो.